पाहुण्यापुढे ठेवलेली बाबाई

तोआकाईमामाबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक लिहावी लागते. ती गाळून दोनदा लिहून पाहिलं. कागद खोटं बोलतोय हे मलाच दिसायला लागलं, म्हणून फाडून टाकलं.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचं बेट राजधानीपासून लहान विमानाने अर्ध्या तासावर. एका अंगाला आतला समुद्र, गरीब. दुसऱ्या अंगाला बाहेरचा, तापट. मधली जमीन इतकी अरुंद की आईने एका किनाऱ्यावरून शिवी दिली की बाप दुसऱ्या किनाऱ्यावर ती ऐकायचा आणि उत्तर द्यायचा. मामाचं घर बाहेरच्या अंगाला. घर म्हणजे खांबांवर उचललेला चौथरा, वर झावळ्या, चारी बाजू उघड्या. वय विचारलं तर म्हणायचा, "माझी आई पडलेल्या जपानी विमानाच्या पंखावर कपडे वाळत घालायची, तेव्हा मी रांगत होतो. आता तूच हिशेब कर, शिकलेली ना तू."

मी शिकलेली नाही. सहावीतून बाहेर पडले, बाजारात तळलेले गोळे विकले, रेडिओ ऐकून इंग्रजी शिकले आणि पाण्याच्या टाक्यांसाठी मंत्र्यांच्या गाडीपुढे आडवी झोपायला शिकले. मामाला हे सगळं माहीत होतं. टोमणा मारायचा तो मारायचाच.

तरुणपणी मामा जर्मन बोटींवर खलाशी होता. हॅम्बुर्ग, सांतोस, बुसान, सगळी नावं पाठ. बाप शेवटच्या दुखण्यात असल्याचा निरोप आला तेव्हा नोकरी सोडून परतला, कारण बाबाईचा खड्डा सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं.

बाबाई म्हणजे अळूचाच थोरला भाऊ. पान माणसाच्या पाठीएवढं, कंद लहान मुलाएवढा. आमच्या वाळूत काही पिकत नाही, म्हणून पूर्वजांनी गोडं पाणी लागेपर्यंत खड्डे खणले आणि तळाच्या चिखलात ही बाबाई लावली. मामाचा खड्डा त्याच्या पणजोबाने शिंपल्याने खणलेला. प्रत्येक रोपाभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली विणायची आणि त्यात पाला भरत राहायचं. कोणत्या झाडाचा पाला, कोणत्या चंद्राला तोडलेला, किती दिवस वाळवलेला, हे बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो. दुसऱ्या कुणाला नाही, बायकोलाही नाही. मामाचा मुलगा न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडतो. मामा म्हणायचा, "फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. मध्ये कुणी ऐकत असतं."

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या उधाणात बाहेरचा समुद्र माडांमधून आत आला आणि खड्ड्यात उतरला. एकच दुपार होता, मग निघून गेला. चाळीसभर रोपं होती. आधी पानांच्या कडा करपल्या, मग देठ मऊ पडले, मग कंदच कुजायला लागले. मामा आणि तेवातामामी डबा डबा पाणी उपसत राहिले. उपसलं की तेवढंच खारं पाणी खालून वर यायचं. शेवटी एक रोप राहिलं. सतरा वर्षांचं, सगळ्यांत मोठं. जुनी मुळं खूप सोसतात. त्याला दोन पिल्लंही फुटली होती.

मामाचं सगळं ध्यान त्या एका रोपावर. ठरलेलं गणित होतं. डिसेंबरात पाऊस लागला की खड्ड्यातलं वरचं पाणी गोडं होतं. तेव्हा कंद काढायचा, तो खायचा, आणि वरचं देठासकट डोकं व पिल्लं पुन्हा चिखलात लावायची. गोड्या पाण्यात मुळं धरतात. पण कोरड्या दिवसांत काढलं तर नव्या मुळांना खारंच पाणी मिळणार. म्हणजे संपलंच. पणजोबापासून चालत आलेलं बियाणं संपलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि सप्टेंबर चालू होता.

आणि सप्टेंबरातच मी पाहुणा आणला.

हा इमातांग, म्हणजे गोरा परदेशी, मला राजधानीच्या बाजारात भेटला. मी पाण्यासाठी रिकामे डबे वाजवत उभी होते, तो फोटो काढत होता. नाव हेन्रिक, डेन्मार्कचा, निवृत्त, अंगाने वाळका, वागायला सभ्य. जगातला एकूण एक देश पाहायचा असं त्याने ठरवलेलं. आमचा त्याचा एकशे ब्याऐंशीवा. त्याचं लिखाण खूप लोक वाचतात, आणि त्याच्या ओळखीचे काही लोक कुठेकुठे पाण्याच्या टाक्या बसवून देतात, असं त्याने सांगितलं. मी लगेच म्हटलं, चल, तुला दाखवते समुद्र काय करतोय ते.

सरळ खड्ड्यापाशी नेलं असतं तर भागलं असतं. पण माझा ताठा. याआधी एक सिनेमावाला आला, एक मोजमापवाली आली, एक विद्यार्थी आला. तिघांनीही आम्हाला गुडघाभर पाण्यात उभं करून फोटो काढले. मला माझी माणसं भिकाऱ्यासारखी दाखवायची नव्हती. आमची ऐट त्याने आधी पाहावी, नुकसान नंतर, असं माझ्या डोक्यात. म्हणून मी रेडिओवर गावाला निरोप दिला : शनिवारच्या विमानाने मोठा पाहुणा येतो आहे, मानेआबात स्वागत व्हावं.

मानेआबा म्हणजे गावाचं सभाघर. त्यात प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली, आणि प्रत्येक जागेचं काम ठरलेलं. कुणी डुकराचं डोकं आणायचं, कुणी मासे. मोठ्या पाहुण्यापुढे बाबाई ठेवायची ती मधल्या खांबाला टेकून बसणाऱ्या घराण्याने. तो खांब मामाचा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून पाहत आले. निरोप देताना माझ्या डोक्यात टाक्या होत्या, एवढंच.

गुरुवारच्या विमानाने मी एकटी पुढे गेले. मामी अंगणात झावळ्या विणत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मोठा म्हणजे केवढा आहे गं तुझा पाहुणा?" ती म्हणाली. "आमच्या छपराखाली मावेल ना?"

"मामी, तो लिहिणारा आहे. टाक्या येतील."

"त्या मोजमापवालीनंतर काय आलं?"

"काही नाही."

"मग आता तेच मोठं होऊन येईल."

मामा चौथऱ्यावर बसून खणायची काठी तासत होता. ती काठी पाहिली आणि मी तशीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मामा, तू ते रोप काढणार नाहीस."

"कोण म्हणतं काढणार?"

"मग काठी कशाला तासतोस?"

"हात रिकामे आहेत म्हणून. तू भाषणं करतेस, मी काठी तासतो."

"मानेआबात सरळ सांग ना, खड्डा मेला म्हणून. सगळ्यांना माहीत आहे. कोण बोलेल तुला?"

मामाने काठीवर फुंकर मारली. "कुणी बोलणार नाही. सगळे मान खाली घालतील. बुरेतीसुद्धा घालेल. तेच नकोय मला."

बुरेती मामाचा लांबचा चुलतभाऊ. खोबऱ्याच्या गोदामात वजनं करतो, बोलायला मोकळा, हसायला त्याहून मोकळा. मानेआबात त्याची जागा खांबाच्या मागच्या बाजूला. त्याच्या आजोबापासून त्या घराण्याचं म्हणणं की खांब मुळात त्यांचा. आणि बुरेतीचा खड्डा बेटाच्या रुंद भागात, मधोमध, तिथे अजून पाणी गोडं. तीस-पस्तीस बाबाई डौलाने उभ्या.

"बुरेतीकडून एक माग," मी म्हणाले.

मामी विणता विणता थांबली.

आमच्यात मागणं साधं नसतं. त्याला बुबुती म्हणतात. नातलगाने समोर येऊन अमुक दे म्हटलं की नाही म्हणता येत नाही. सायकल मागितली की सायकल जाते. मामाचा जर्मनीहून आणलेला रेडिओ असाच गेला, घड्याळ असंच गेलं. पण मागणाऱ्याच्या अंगावर एक मागणं चढतं. उद्या समोरचा येऊन त्याला हवं ते मागू शकतो, आणि तेव्हा यालाही नाही म्हणता येत नाही. बुरेती काय मागेल हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

"त्याच्याकडे मागायला मी अजून मेलो नाही," मामा म्हणाला आणि आतल्या समुद्रावर जाळं टाकायला निघून गेला.

मामी म्हणाली, "तुझ्या आईचा ताठा आणि माझ्या नवऱ्याचा ताठा एकाच आईच्या दुधातला. तुझ्यातही उतरलाय. आता गप बस दोन दिवस."

गप बसायची मला सवय नाही. शुक्रवारी सकाळी मी बुरेतीच्या गोदामावर गेले. मामाच्या नावाने नाही, माझ्या नावाने मागायचं असं ठरवून. मीही त्याची नातलग. चढलं मागणं तर माझ्या अंगावर चढेल, मी राजधानीत असते, माझ्याकडून काय घेणार, फाटके फलक? फार हुशारी केली असं वाटलं मला.

बुरेती पोत्यावर बसून माडी पीत होता. "ये ये, मंत्र्यांची झोप उडवणारी. आज कुणाच्या गाडीपुढे झोपणार? आमच्याकडे एकच ट्रक आहे, त्याला ब्रेक नाहीत."

"बुरेतीमामा, बुबुती आहे."

त्याने पेला खाली ठेवला. "बोल."

"एक बाबाई दे. मला. उद्यासाठी."

तो हसला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. म्हणाला, "तुला दिली. घरी पोचवतो."

"मी नेते ना."

"तू बाईमाणूस, एवढं ओझं कुठे नेतेस. पोचवतो म्हटलं ना."

आणि त्याने पोचवली. भर दुपारी, गावच्या एकुलत्या रस्त्याने, खांद्यावर आडव्या काठीला बांधून, मागे त्याचे दोन जावई. वाटेत प्रत्येक घरासमोर थांबून तो सांगत आला : "तोआकाईच्या घरी चाललोय. त्याच्या भाचीने मागितली. उद्याच्या पाहुण्यासाठी. आपलं माणूस आहे, द्यायलाच हवी." एक शब्द खोटा नव्हता.

मामा अंगणात मासे साफ करत होता. बुरेतीने बाबाई त्याच्यासमोर वाळूत ठेवली. चांगली होती, मोठी होती.

"भाऊ, घे," बुरेती म्हणाला. "भाचीला म्हटलं, यात काय एवढं. घरचंच आहे."

मामाने हात धुतले. म्हणाला, "बस बुरेती, पाणी पी." मामीने करवंटीत पाणी दिलं. टाकीतलं पाणी तळाशी आलं होतं तरी दिलं. बुरेती प्यायला, दुष्काळाबद्दल दोन शब्द बोलला, गेला. मामा त्याला अंगणाच्या टोकापर्यंत सोडून आला. मग चौथऱ्यापाशी जाऊन त्याने ती तासलेली काठी उचलली.

मी आडवी आले. "मामा, मी माझ्या नावाने मागितली. तुझा संबंध नाही."

"माझ्या अंगणात पडलीय ना?"

"परत देऊन येते."

"दिलेलं परत देतात? कुठे शिकलीस हे, राजधानीत?"

"मग तीच उद्या ठेव ना पाहुण्यापुढे."

"बुरेतीची बाबाई मी माझ्या खांबापाशी बसून ठेवू? म्हणजे खांब त्याला दिलाच की." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला बोचत होतं. "बाजूला हो, पोरी. उन्हं कलायच्या आत भट्टीत जायला हवी, नाहीतर कच्ची राहील आणि पाहुण्याच्या घशाला खाज सुटेल."

मी मामीकडे पाहिलं. वाटलं ती अडवेल. ती उठली आणि भट्टीसाठी नारळाच्या सोडणांचा ढीग रचायला लागली. बुरेतीची बाबाई तिने शेजारच्या दोन घरांत कापून वाटून टाकली.

मामा खड्ड्यात उतरला. मी काठावर उभी. त्याने आधी टोपली सोडवली, एकेक पाती, उसवल्यासारखी नाही, जणू पुन्हा वापरायची आहे. मग चिखलात हात घालून मुळं चाचपली. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मला वाटलं सोडून देईल. मग काठी रोवली. कंद निघाला तेव्हा चिखलाने असा आवाज केला, जसा पाय फसलेला माणूस ओढून काढताना होतो. दोघांनी मिळून तो वर घेतला. मामाने डोकं कापलं, दोन पिल्लं सोडवली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळली. कंदाच्या बुडाशी मुठीएवढा भाग काळा पडलेला होता. त्याने तो खरवडून काढला आणि मला म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस."

शनिवारी हेन्रिक आला. वाकून मानेआबात शिरला, मांडी घालून बसला, पाय कुणाकडे केले नाहीत. वाचून आला होता. पोरींनी त्याच्या गळ्यात माळा घातल्या, मानेवर पावडर चोपडली, अत्तर मारलं. तो शिंकला, सगळे हसले. त्याला उभं करून विचारलं, लग्न झालंय का, मुलं किती. तो म्हणाला बायको वारली. म्हाताऱ्या बायका चुकचुकल्या आणि एकीने विचारलं, "मग आता देशांशी लग्न लावतो का हा? एकशे ब्याऐंशी म्हणजे जास्तच झाले." मी ते तसंच सांगितलं. तोही हसला. मला तो आवडला, हे लिहिलंच पाहिजे.

मग मामा उठला. धुतलेला पांढरा सदरा, कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली नवी चटई. दोन माणसांनी धरून आणलेली बाबाई त्याने स्वतःच्या हाताने पाहुण्यापुढे ठेवली. वाफ निघत होती. अख्ख्या सभेत असा आवाज उठला की जणू वारा आला. कुणालाच वाटलं नव्हतं की त्या खड्ड्यातून एवढी मोठी निघेल. बुरेती खांबामागे बसला होता. तो बाबाईकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज होती. जिंकायला निघालेल्या माणसाचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मामा बोलला, थोडंच. "मीही फिरलेला माणूस आहे. चाळीस बंदरं पाहिली. प्रत्येक बंदरात गोदाम पाहिलं आणि परत बोटीवर चढलो. कुठे मला कुणी जेवायला बसवलं नाही. तू आमच्याकडे आलास, तर जेव."

हेन्रिकने दोन घास खाल्ले. म्हणाला, रताळ्यासारखं लागतं, पण जास्त पिठूळ. तिसरा घास त्याला गेला नाही. केळ्याकडे वळला. उरलेली म्हाताऱ्यांनी वाटून घेतली. मामाने स्वतः तोंडात एक तुकडाही घातला नाही. त्या रात्री गावात सगळे म्हणत होते, तोआकाईने लाज राखली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर हेन्रिक मला म्हणाला, "आता तो खड्डा दाखव ना, समुद्राने बिघडवलेला. शेवटचं रोप आहे म्हणाली होतीस." बाजारातच सांगून बसले होते मी.

हेन्रिक, मामा आणि मी, तिघं गेलो. तळाला खारट चिखल, मधोमध एक भोक, त्यात पाणी साचलेलं. टोपलीच्या पात्या कडेला नीट रचून ठेवलेल्या. हेन्रिकने कॅमेरा काढला, मग इकडेतिकडे पाहिलं.

"रोप कुठे आहे?"

"तू खाल्लंस काल," मी म्हणाले.

निघून गेलं तोंडातून. तीन दिवसांचं कोंडलेलं होतं. हेन्रिकचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्याने टोपी काढली. हात खिशातल्या पाकिटाकडे गेला.

मामाने विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं.

आयुष्यात एकदाच मामा माझ्यावर ओरडला तो तेव्हा. "पाहुण्याला त्याच्या घासाची किंमत सांगतेस? आईने हे शिकवलं तुला? दोन घास खाल्ले त्याने, ते तरी पोटात राहू दे." मग हेन्रिककडे वळून तो हसला, बोटीवर शिकलेल्या इंग्रजीत म्हणाला, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम," आणि त्याचा पाकिटावरचा हात हळूच खाली केला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आतल्या समुद्राकडे होडी दाखवायला घेऊन गेला. मी त्या भोकापाशी उभी राहिले.

मंगळवारच्या विमानाने हेन्रिक गेला. निघताना त्याने मला तीनदा विचारलं, काय करू सांग. मी म्हटलं, टाक्यांचं बघ. त्याने बघितलं असेल. टाक्या आल्या नाहीत.

मामाने तेलाचं पिंप अर्धं कापून त्यात खड्ड्याबाहेरची माती, पाला भरला आणि डोकं व पिल्लं लावली. पावसाच्या टाकीतलं पाणी घालायला सुरुवात केली. आमची विहीर मचूळ झाली होती, टाकीतलं तेवढंच पिण्याजोगं. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा दोघंही नारळाच्या पाण्यावर होते आणि मामी अंघोळ समुद्रात करत होती. "अंगाला मीठ सुटलंय," ती म्हणाली. "चाट हवं तर. चहाला साखर नाही, मीठ आहे." पहिलं पिल्लू दहा दिवसांत गेलं होतं, दुसरं त्यानंतर. डोक्याचे बाहेरचे देठ कुजून गळाले होते. मध्ये बोटाएवढी एक हिरवी सुरळी उरली होती.

त्या दिवशी मी हेन्रिकचं पत्र घेऊन गेले होते. आत फोटो : मानेआबा, मामा, पुढ्यात वाफाळणारी बाबाई. मामाने फोटो बराच वेळ धरला, मग लांब धरला.

"काही मागतोय का तो?"

"नाही."

"मग पत्र कशाला लिहिलं?"

"आठवण म्हणून."

"हं. किती मोठी होती बघ," तो मामीला म्हणाला. मामीने पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेआबात छपराच्या दुरुस्तीची बैठक होती. मामा पांढरा सदरा घालून गेला. मीही गेले. छपराचं बोलणं संपलं, माणसं उठायला लागली, तेव्हा तो खांबापाशी बसल्या जागेवरून वळला. सगळ्यांसमोर. घरी जाऊन कानात मागता आलं असतं त्याला.

"बुरेती, बुबुती आहे."

माणसं पुन्हा खाली बसली.

"तुझ्या खड्ड्यात एक जागा दे. एका रोपाची."

बुरेतीने आयुष्यात पहिल्यांदा विनोद केला नाही. "घे भाऊ," तो म्हणाला. "सावलीच्या कडेची घे. तिथे पाणी बरं आहे." मग तो उठून बाहेर गेला.

त्याच दुपारी मामाने ती सुरळी हातात धरून, लहान मूल नेतात तशी, बेटाच्या रुंद भागात नेली आणि बुरेतीच्या चिखलात लावली. अकराव्या दिवशी बुरेती आला. मी तिथे नव्हते, मामीने सांगितलं. तो चौथऱ्याच्या कडेला बसला, पाणी प्यायला, बराच वेळ मासळीबद्दल बोलत राहिला. मामानेच शेवटी विचारलं, "काय मागायला आलायस ते माग ना. दोघांचंही वय झालंय." मग बुरेतीने मागितलं आणि मामाने दिलं. मामी म्हणाली, "बुरेती रडला. ह्याने त्याची समजूत घातली. मला दोघांनाही काठीने मारावंसं वाटत होतं."

मार्चमध्ये मी पुन्हा गेले. पाऊस जानेवारीत आला, उशिरा आणि थोडा. त्या दिवशी कुठल्याशा खात्याचा अधिकारी आला होता. मधल्या खांबाला टेकून बुरेती बसला होता, पाहुण्यापुढे बाबाई त्यानेच ठेवली. मामा कडेला, जिथे छप्पर खाली उतरतं आणि पावळीचं पाणी पाठीवर उडतं, तिथे. टाळ्या सगळ्यांबरोबर त्यानेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर खड्ड्यावर गेले. रोज तेवढं अंतर तो चालत जातो, काखेत पाल्याची टोपली. पाला घालताना बुरेतीची सून काठावर उभी राहून पाहत होती. कोणतं पान आधी, कोणतं नंतर, तिला सगळं दिसत होतं. बापाने कानात सांगितलेलं ते हेच. मामाला ती दिसत होती. त्याने हात झाकला नाही.

सुरळी अजून उलगडलेली नव्हती. सुकलीही नव्हती. हिरवी आणि घट्ट, ऑक्टोबरात होती तेवढीच.

"मामा, मुळं धरली का?"

"उपटून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि उपटून बघितलं की मरतं."

तो काठाला धरून वर आला. धाप लागली होती. मी हात दिला तर घेतला नाही, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला.

"पुढच्या खेपेला पाहुणा आणशील ना," तो म्हणाला, "तर आधी विचारून घे, पाऊस पडलाय का म्हणून."